बंबातला निलगिरीचा पाला

पांढुर्ण्यात आमचं घर शोधायला पत्ता लागत नसे. शेजारच्या काकू म्हणायच्या, डोळे मिटून या, नाक उघडं ठेवा. शाळेमागे सरकारने लावलेल्या निलगिरीच्या रांगेवर आईचा फार जीव. खाली पडलेल्या डहाळ्या ती पदरात घेऊन यायची आणि त्या पाल्याला घरभर कामाला लावायची. सर्दी झाली की उकळत्या पातेल्यात पाला आणि डोक्यावर चादर. थंडीत अंघोळीच्या पाण्यात मूठभर. पेटीत स्वेटरांच्या घड्यांमध्ये, उशीच्या खोळीत, गादीखाली. संध्याकाळी घमेल्यातल्या निखाऱ्यांवर कडुनिंबाबरोबर थोडा टाकला की डास पळायचे, आणि कधीकधी पाहुणेही.

मला त्या वासाची लाज वाटे. कॉलेजात माझ्या ओढणीला तो यायचा आणि मैत्रिणी मला दवाखाना म्हणायच्या. घरी मी कधी बोलले नाही. बोलायची सवयच नव्हती मला.

मग सौंसरहून मला पाहायला येणार असल्याचा निरोप आला. संत्र्याची बाग, मुलगा बँकेत, आणि खरं सांगते, एका लग्नात मी त्याला आधीच पाहिलं होतं. हे स्थळ मला हवं होतं. आई पोह्यांसाठी कांदे आणायला बाजारात गेली तेव्हा मी पेटी, उशा, गाद्या सगळं धुंडाळून पाला गोळा केला. मागच्या अंगणात टाकला तर दिसेल, म्हणून न्हाणीघरातल्या पेटत्या बंबात कोंबला.

निलगिरीच्या पानात तेल असतं, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण डोक्यात एकच, वास घालवायचा. बंब भडकला, मग गुदमरला, आणि वर्षभराचा साठवलेला वास एकदम घरात शिरला. पडदे, सतरंजी, नवी साडी, सगळं माखलं. आई दारात आली तेवढ्यात पाहुणेही आले. बस लवकर मिळाली होती म्हणे.

मुलाच्या आईने उंबऱ्यातच नाक वर केलं. "कोणी बिमार हाय का घरात?"

आईने न्हाणीघराकडे पाहिलं, माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं, आणि शांतपणे सांगून टाकलं की तिलाच सर्दी आहे, वाफारा घेत होती. मला वाचवायला बोलली, पण त्याने गाठ आणखी आवळली. त्या बाईंनी विचारलं, सर्दीच का दमा? दमा असेल तर तो आईकडून पोरीकडे येतो, त्यांच्या जावेच्या माहेरी असंच झालं होतं. मग त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि मला चूल फुंकून दाखवायला सांगितलं.

मी फुंकणी घेतली. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत गेला, पण दम टिकला आणि जाळ उठला. बाईंनी मान हलवली, पण समाधानाने नाही. आज नाही, पण पुढे येईल, असं त्या सोबत आलेल्या आपल्या भावाला म्हणाल्या. आई कोपऱ्यात खोटंच खोकत उभी होती. आता खोकणं भागच होतं ना तिला.

तेव्हा मी फुंकणी खाली ठेवली. "आईले काही झालं नाही. पाला मीच जाळला. मले या वासाची लाज वाटते."

बाई हसत सुटल्या. "माह्या घरी संत्र्याच्या सालीचा धूर राहते. त्याची बी लाज वाटन का तुले?"

मी नाही म्हणून मान हलवली. पोहे खाल्ले गेले, जुळलं. आई मात्र त्या दिवशी माझ्याकडे बघेना. खोकला थांबला होता, बोलणंही.

लग्नाच्या पेटीत तिने डांबरगोळ्या घातल्या. पाल्याचं एक पान नाही. मी पेटी उघडली की नाक चुरचुरायचं आणि मी पटकन झाकण लावायची. तो 'लाज' शब्द मी पाहुण्यांना उद्देशून उच्चारला होता, तिला नव्हे. पण ऐकला तिनेच.

पहिल्याच थंडीत सासूबाईंचं नाक चोंदलं. म्हणाल्या, माहेरी जाऊन राहिली तर आईचा पाला आण. मी पांढुर्ण्याला गेले. आईला सासूबाईंचं नाव सांगून मोकळी झाले असते. सोपं होतं. सासूबाईंची सर्दी तिच्या कानावर आलीच होती, पण मी नुसता पाला मागितला.

"सासूले पाह्यजे का तुले?" तिने विचारलं.

"मले," मी म्हटलं. "माह्या उशीत घालाले."

आई आत गेली, स्वतःच्या उशीची खोळ उसवली आणि तोच पाला माझ्या पिशवीत ओतला. "सासूसाठी ताजा आणते मंग," म्हणून चपला घालून शाळेमागे निघाली.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला आणि कोण बिमार आहे ते विचारलं. कोणी नाही, मी सांगितलं. पिशवी मांडीवर होती. तिचं तोंड मी सौंसरपर्यंत उघडंच ठेवलं.