वैद्याचा तळहात

गॅरेज त्याचं, पण पाटीवरचं नाव कुणी वाचत नसे. सगळे त्याला वैद्यच म्हणत. का, तर तो गाडीखाली पाठीवर पडून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा, वर केबिनमध्ये बसलेली बायको स्टिअरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलवायची, आणि हाताला जिथे 'ठक्' लागेल तिथे आजार. डोळे तर तो मिटूनच घ्यायचा. लोक हसायचे, "वैद्य झोपला वाटतं!" आणि मग मुकाट्याने तोच सांधा बदलून घ्यायचे.

बायकोच का? कारण कामाला ठेवलेले सगळे स्टिअरिंग गरागरा फिरवायचे. हिचा हात बरोबर, चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. संसारातली निम्मी भांडणं त्यांनी अशीच उरकली, तो खाली, ती वर. "खाली पडून मोठ्या गप्पा नका मारू," हे तिचं ठरलेलं वाक्य.

परवा दुपारी तिचा धाकटा भाऊ आपला ट्रक घेऊन आला. काय ते टायर! छातीला लागतील एवढे. कंपनीचे चांगले टायर काढून हे राक्षस चढवलेले.

"दाजी, रस्त्यात कसला उठून दिसतो!"

"दिसतो रे, चालतो कसा ते सांग."

चालत नव्हता, हेच तर रडगाणं. वेगात एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग थडथडायला लागायचं, ते गाडी थांबेपर्यंत थांबायचं नाही. चाकांचं बॅलन्सिंग करून झालं, अलाइनमेंट झाली, शेवटी कुण्या शहाण्याने थरथर दाबायला जाडजूड डॅम्पर ठोकून दिला. वैद्य भडकलाच. "तापावर ओलं फडकं ठेवलंय नुसतं! अरे, एवढं जड चाक जुन्या सांध्यांना झेपेल का? काढ तो डॅम्पर आधी. दुखणं उघडं पडू दे."

डॅम्पर निघाला. चाकं जमिनीवरच, इंजिन चालू. वैद्य खाली सरकला. "हां, डावं. उजवं."

आता एक गोष्ट त्याने घरात लपवली होती. आधी पायातली चप्पल निसटली तरी कळेना. मग बोटं बधिर व्हायला लागली. एकदा गरम सायलेन्सरला हात टेकला, तर चटका नाही, वास आला. डॉक्टर म्हणाले, साखरेने नसा गेल्या, गेलेल्या परत येत नाहीत. बायकोला त्याने सांगितलं, "साखर जरा वाढलीय, एवढंच." बोटं गेली तर गेली, तळहात आहे ना, अशी तो मनाची समजूत घालत होता.

डाव्या सांध्यावर तळहात ठेवला. काही नाही. उजव्या. काही नाही. अॅक्सलला चासीशी बांधणारा आडवा रॉड धरला. तिथेही काही नाही.

"जोरात हलव की!"

"हलवतेय! अहो, माझ्या हाताला स्टिअरिंग मोकळं लागतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं? ठीक आहे सगळं."

"म्हणजे नेऊ ना दाजी?" भाऊ वाकून म्हणाला. "उद्या घाट उतरायचाय, पोरं आहेत बरोबर."

वैद्याने पुन्हा रॉडवर हात फिरवला. बायको मात्र तडक खाली उतरली. "व्हा बाजूला. वर बसा तुम्ही, मी बघते."

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तो वर बसला, स्टिअरिंग हलवलं, आणि खालून लगेच आवाज आला, "अगं बाई! हा आडवा रॉड! बोल्टापाशी केवढा ठोका लागतोय! हात कशाला लावायचा, नुसतं बघूनही कळतंय!"

डोळे मिटून घ्यायची ती मेली सवय!

भाऊ खिदळला. "आता ताईला वैद्य म्हणायचं!"

ती हसली नाही. केबिनच्या दाराशी आली, त्याचा हात ओढून घेतला आणि बोटाच्या टोकाला कचकन नख रुतवलं. तो तिच्या तोंडाकडेच बघत राहिला.

"कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या आधीपासून."

"आणि मी वर बसून डावं-उजवं करतेय मूर्खासारखी! अहो, किती गाड्या 'ठीक आहे' म्हणून सोडल्या आपण?" ती बोटांवर मोजू लागली. "तो विटांचा ट्रक. पाण्याचा टँकर. परवा ती शाळेची बस..."

बस म्हटल्यावर भावाचं हसू मावळलं. बसवाला त्याच्या ओळखीचा. त्याने घाईघाईने फोन लावला, तिघांना ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला. शाळा नुकतीच सुटली होती.

फोन वाजत राहिला. बसवाला माणूस शिस्तीचा, गाडी चालवताना तो फोन उचलत नाही.