कपाळ जरा मोठं काढा

रंगाच्या शिंपल्या कितीही धुवा, तळाशी थोडा रंग चिकटून राहतोच. गिऱ्हाइकांचे किस्सेही माझ्याकडे तसेच साचत गेले. आमचं घराणं चितारी, देवळांच्या भिंती रंगवणारं. पण विलायतेला कापूस पुरेना, वऱ्हाडात पैसा आला आणि मी अमरावतीच्या कापूसबाजाराजवळ दुकान थाटलं. स्वतःच चित्रं काढायची अन् स्वतःच विकायची! रंग घोटायला सोबत धाकटी बहीण गिरजा. नवव्या वर्षीच तिचं कुंकू पुसलं गेलं. आमच्यात विधवेचा पाट लावत नाहीत.

तिचं एकच मागणं होतं. "साऱ्या दुनियेले काढून राहिला तू. मले काढ ना एकदा!"

हो-हो म्हणत मी तीन हंगाम ढकलले. विधवेचं चित्र भिंतीवर लावणार कोण?

*

पहिलं गिऱ्हाईक मोर्शीकडचं. अंगात नवा कोरा कोट, म्हणे घोड्यावर बसलेला काढा.

"घोडा कुठाय?"

"पुढच्या हंगामात घेतो. तुमी काढून ठेवा!"

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक जण बैल घेऊन थेट दुकानात शिरला. दोघांचं मिळून चित्र काढलं. त्यानं ते लांबून पाहिलं, जवळून पाहिलं.

"बैल हुबेहूब हाये. आता मले पुसा. त्याले जागा कमी पडून राहिली!"

पुसलं बुवा. गिरजा दोन दिवस हसत होती.

*

शेजारी रहीमचाचांचं अत्तराचं दुकान. एकदा गिरजानं डोक्यावरचा पदर सावरला. दिवसभर हिंगूळ घोटून बोटं लालभडक झालेली. मेंदी समजून चाचा म्हणाले, "बेटी, किसकी शादी है?"

चेहरा दिसला तसे बिचारे ओशाळले. गिरजा हसली. मग मागे जाऊन राखेनं बोटं घासत बसली, रंग निघून गेला तरी घासत होती. मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात मी तिला समोर बसवलं.

*

ते पुढे सांगतो. आधी अकोल्याचे शेठ. त्यांचं चित्र मी मन लावून काढलं होतं. पण चित्र म्हणजे देव, एवढंच शेठाणीला ठाऊक! रोज देवपूजा झाली की नवऱ्याच्या चित्रालाही कुंकू. दिवाळीपर्यंत शेठजींचा पार मारुती झाला. पाहुणे पाया पडू लागले. शेठ नवं चित्र सांगायला आले.

मी म्हटलं, "बाईंना समजावून सांगा."

"ते काही व्हायचं नाही. तुम्ही असं करा, यंदा कपाळ जरा मोठं काढा!"

*

तर गिरजाचं चित्र. रंग घोटत बसलेली, नजर समोर, कपाळ जसं आहे तसं. दुकानात टांगलं. येणारे पाहत आणि तोंड फिरवत. "कपाळ मोकळं काहून हो?" एकानं तर उलटं करून ठेवायला सांगितलं. गिरजा मागे बसून सगळं ऐकायची.

एक दिवस तिवशाची एक पाटलीण आली. चित्रासमोरून हलेना. "ही कोन देवी हाये?"

मी तोंड उघडायच्या आत पदराआडून आवाज आला, "रंगाई!"

पाटलिणीनं तिथंच हात जोडले अन् चित्र गाडीत घालून नेलं. आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. मग गिरजा भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिली.

*

पुढल्या वर्षी पाटलिणीच्या लेकीचं लग्न निघालं. भिंतीवर हत्ती-घोडे काढायला मला बोलावणं आलं. रंग घोटायला गिरजा आलीच. तिला कोणी ओळखलं नाही. विधवेच्या तोंडाकडे पाहतं कोण!

काम झालं तशी पाटलीण हौसेनं देवघर दाखवायला घेऊन गेली. गिरजा मागोमाग निघाली, तर तिला उंबऱ्याशीच अडवलं.

"बाई, तू भाईरच थांब. लग्नाचं घर हाये."

आत मधल्या कोनाड्यात गिरजा होती. गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"तिथूनच पाया पड," पाटलीण म्हणाली. "लय पावते आमची रंगाई!"

गिरजानं उंबऱ्याबाहेरून हात जोडले. बराच वेळ जोडलेलेच होते.

परतीची गाडी निघाली. अमरावतीची वेस दिसायला लागली तेव्हा तिनं माझी बाही ओढली.

"दादा, पाटलीणबाई कुंकू जरासं डावीकडं लावते. तिले सांग ना, मधोमध लावत जा."