शुक्र आणि तक्रार

परतवाड्याच्या अनवरीभाभींना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "शुक्र हाय अल्लाचं!" लाइट गेली तरी अल्लाचे आभार, दूध नासलं तरी शुक्र. नवरा रऊफमियां जीपच्या टपावरून पडून खुब्याचं हाड मोडून बसला, तेव्हा तर त्यांनी मनाशी पक्कंच केलं, तोंडून तक्रार काढायची नाही. वाईट दिवसांतलं शुक्र हेच खरं शुक्र.

आज रऊफमियांना तपासणीला अमरावतीला न्यायचं होतं. जीप दारात उभी, पण एवढ्या धिप्पाड माणसाला उचलणार कोण?

शेजारच्या लीलाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "काहो भाभी, कसे हायेत रऊफभाऊ?"

"शुक्र हाय."

"बरं झालं माय!" लीलाबाई खूश होऊन आत वळल्या.

भाभी चक्रावल्या. इतके दिवस सारा मोहल्ला असाच खूश होऊन परत जात होता की काय? पण 'बरं नाही' म्हटलं तर शुक्र मोडतं का?

आतून रऊफमियां गरजले, "शुक्र हो गया होगा तो किसीको बुलाव!"

"लीलाबाई, शुक्र हाय... पन यायले उचलाले मानसं पाह्यजेत."

"मंग पयलेच कावून नाही सांगतलं? ए किशोर, ए श्याम!"

लीलाबाईंच्या दोन्ही मुलांनी रऊफमियांना अलगद जीपमध्ये बसवलं. भाभी अजून घुटमळत होत्या. "लीलाबाई, मी तक्रार तं नाही केली ना?"

"बाप्पा! तुमाले तक्रार जमत नसंल तं मले सांगत जा. मी करतो तुमच्या वतीनं!"