मामांची उन्हाची छत्री

सूर्याला घरकामाला जुंपू पाहणारा माणूस आमच्या रामनगरात एकच झाला, तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. हमरस्त्यावर ट्रकांच्या स्प्रिंगांचे पाटे दुरुस्त करण्यात मामांचं आयुष्य गेलं, पण ते बोलू लागले की समोर एकच माणूस असला तरी सभा भरल्यासारखं वाटे. आत्याचा खोकला हटेना तेव्हा डॉक्टरांनी तिला धुराजवळ जायची बंदी केली. स्वयंपाक गॅसवर गेला, पण न्हाणीतली चूल राहिली. अंघोळीच्या पाण्यासाठी गॅस जाळणं आत्याला पटत नव्हतं, आणि विजेवर मामांचा विश्वास नव्हता. उरला सूर्य.

मामांनी टीव्हीची जुनी मोठी छत्री पैदा केली, तिला आतून फुटक्या आरशांचे तुकडे चिकटवले आणि मधोमध, सगळे कवडसे एकत्र येतात तिथे, तांब्याची काळी कळशी टांगली. सूर्य सरकेल तशी छत्री फिरवावी लागे, त्यामुळे मामा लग्नातूनही दर पंधरा मिनिटांनी घरी पळत. कोणी दिसला की ऐकवत, "ऊन काय कमी हाय व्हय? नुसतं पसरलंय. गोळा कराय पायजे." एकदा छत्रीवर पोतं टाकायला विसरले आणि वाळत घातलेल्या टॉवेलला भोक पडलं. तो टॉवेल ते महिनाभर पाहुण्यांना दाखवत होते.

फाल्गुनात त्यांनी पंचायतीच्या मेंबरला प्रात्यक्षिकाला बोलावलं. नारळ फुटला, भाषण झालं, तास गेला, पाणी मात्र कोमटच. मेंबर बोट बुडवून म्हणाला, "मामा, म्हशीला पाजायला झ्याक हाय." मामा कळशीकडे बघतच राहिले. ती सोन्यासारखी लखलखत होती.

"कळशी कुणी घासली?"

"मी. आमसुलानं," आत्या म्हणाली. "काजळीचं भांडं पाव्हण्यांम्होरं ठेवू व्हय? नाव कुणाला ठेवतील, तुमास्नी का मला?"

"अगं, चकचकीत भांडं उन्हाला दारातनंच परत लावतंय. काळं हाय ते आत घेतंय."

चाळीस वर्षांच्या संसारात आत्याने शेजारणीला काळं भांडं दिसू दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनेच ती कळशी रॉकेलच्या चिमणीच्या ज्योतीवर धरून काळी केली. पाणी कढत झालं, पण दुपारी बाराला. जन्मभर पहाटे न्हाणारी आत्या मग भर दुपारी न्हाऊ लागली, आणि पूजाही त्यानंतरच. शेजारीण विचारी, "आक्का, देव उपाशी का आज?" आत्या म्हणे, "सवय लागंल त्यास्नी." उन्हाळाभर तिचा खोकला ऐकू आला नाही.

गेल्या श्रावणात गेलो तेव्हा आभाळ गच्च मिटलेलं होतं. छत्री पालथी पडली होती आणि न्हाणीच्या कौलांतून धूर निघत होता. आत मामा ओलं लाकूड फुंकत बसले होते, डोळे लालभडक. मी म्हटलं, "मी फुंकतो, तुम्ही सरका."

"नगं. मला धूर लागत न्हाई," मामा म्हणाले आणि खोकू लागले. "दोन म्हैने तर हायत. मग येतंय की ऊन."

बाहेर सोप्यात आत्या आमच्याकडे पाठ करून बसली होती. खोकत होते मामा, पण दर खोकल्याला तिची पाठ हलत होती.