भिवामामांची पसंती

करी रोडच्या त्या चाळीत भिवामामांची जीभ ही सार्वजनिक मालमत्ता होती. बुद्धपौर्णिमेच्या खिरीचं पातेलं उतरलं की पहिली पळी त्यांच्याकडे यायची, आणि ते "हं" म्हणेपर्यंत पोरं वाट्या वाजवत रांगेत उभी राहायची. कुणाकडे हळदीचं मटण शिजलं तर आचारी मामांच्या तोंडाकडे बघत घाम पुसायचा. मामा भिडेखातर कधी खोटं बोलले नाहीत. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात, पंगत बसलेली असताना, "खोबरं खवट आहे" असं मोठ्याने म्हणाले होते, आणि त्या मेहुण्याने पुढे तीन वर्षं अबोला धरला होता.

चौतीस वर्षं त्यांनी बसमध्ये कंडक्टरकी केली. बाकीच्या कंडक्टरांना स्टॉप नावांनी पाठ असतात, मामांना ते चवीने पाठ होते. इथे उतरून मिसळ खावी, इथे खिमा, इथे चुकूनही काही खाऊ नये. उसळ एक घास खाऊन "आचारी बदलला का रे?" असं ते विचारायचे आणि गल्ल्यावरचा माणूस ओशाळून हसायचा. रिटायर झाल्यावरही लोक मुलांच्या बारशाचा केटरर ठरवायला त्यांच्याकडेच येत. बायको कांता वारली, गुडघे गेले, तरी मामांचा रुबाब त्या एका जिभेवर टिकून होता.

आणि दोन वर्षांपूर्वी तीच गेली. झालं काहीच नाही, साधा ताप आला. ताप उतरला, सर्दी पंधरा दिवस राहिली आणि जाताना नाक घेऊन गेली. वास गेला तशी चवही गेली. मीठ खारट लागायचं, मिरचीने तोंड भाजायचं, साखर गोड लागायची, बस्स. बाकी मटण काय न् भेंडी काय, सगळं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. नाही आली तर सवय होईल." मामांना सवय झाली नाही. त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर मागे उरलं काय असतं? गुडघे दुखणारा एक म्हातारा कंडक्टर. तसे म्हातारे चाळीत दर मजल्याला दोन होते.

हे असं निभावून गेलंही असतं. पण ललिताने बर्गरचं काढलं.

ललिता त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. त्याच चाळीत वरच्या मजल्यावर नवऱ्यासोबत राहायची, लोअर परळच्या एका ऑफिसच्या कँटीनवर सुपरवायझर होती आणि मामांचा डबा न चुकता पोचवायची. मागच्या पावसाळ्यात तिने सुक्या मटणाचा डबा आणला, आणि मामा तिच्या दमलेल्या चेहऱ्याकडे बघून म्हणून गेले, "ललिते, कांतापेक्षा तुझ्या हाताला चव आहे गं." बिचारी डबा हातात धरून तशीच उभी राहिली. तिला जन्मात कुणी कशात पहिला नंबर दिला नव्हता. ज्या माणसाने लग्नात खोबऱ्यावरून मेहुणा तोडला, तो माणूस हे म्हणतोय म्हटल्यावर शंकेला जागाच नव्हती.

त्या एका वाक्यावर तिने अख्खा बेत उभा केला. लालबागला गाळा घ्यायचा आणि घरच्या मसाल्यातल्या खिम्याचा बर्गर विकायचा. ऑफिसातली पोरं रोज बर्गर मागवतात, त्यात नुसता सॉस असतो, जीव नसतो, असं तिचं म्हणणं. "पण आधी सगळीकडचे चांगल्यातले चांगले बर्गर आपण खायचे, मामा. मी बनवीन, पण पास-नापास तुम्ही करायचं. तुम्ही हो म्हणालात तरच नोकरी सोडेन."

मामांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "रविवारी जाऊ."

पहिल्या रविवारी लोअर परळला गेले. जुन्या मिलच्या आवारात आता काचेची हॉटेलं. वेटरने बर्गरआधी काळे हातमोजे आणून दिले.

"ऑपरेशन आहे का रे?" मामांनी विचारलं. ललिता खुदकन हसली. बर्गर आला तो वीतभर उंच, मधे काडी खुपसलेली. मामांनी तो तळहाताने दाबला, तोंड जेवढं उघडलं तेवढ्यात घुसवला आणि चावत राहिले. मऊ लागलं. मग जरा चिवट. काहीतरी थंड, पाणीदार पान. ललिता टक लावून बघत होती.

ऐनवेळी मामांना युक्ती सुचली. "आधी तू सांग," ते मास्तरी आवाजात म्हणाले. "तुझी जीभ तयार व्हायला नको?"

ललिता डोळे मिटून चावली. "मटण चांगलं आहे... पण धुराचा वास वरून लावल्यासारखा वाटतो. आणि पाव जास्त गोड."

"बरोब्बर!" मामा म्हणाले.

पुढे तीच रीत पडली. दादरला एका कॅफेत कोळशासारखा काळा पाव आला, तो करपला नसून मुद्दाम काळा केलाय हे पटवून घेण्यात मामांची पाच मिनिटं गेली. परळला चीज एवढं की मिशीतून ओघळलं. दर ठिकाणी ललिता आधी बोलायची, कांदा कच्चा राहिलाय, चरबी कमी पडलीय, मिरी ताजी कुटलेली नाही, आणि मामा कधी "बरोब्बर" तर कधी "अजून विचार कर" म्हणायचे. मधूनच "अजून विचार कर" म्हटलं की परीक्षा खरी वाटते, हे त्यांना कळून चुकलं होतं. घरी आल्यावर ती खिम्याचं प्रमाण बदलायची, नवा बर्गर करून आणायची, आणि मामा त्या पुठ्ठ्याला पास करायचे. रात्री झोप लागत नसे. पोरगी आपल्या भरवशावर विहिरीत उतरतेय आणि आपल्या हातात दोरच नाही, असं वाटत राहायचं. तरी सकाळी ती जिन्यातून "मामा!" अशी हाक मारायची आणि यांचा धीर गळायचा.

सातव्या रविवारी ठाकूरद्वारला गेले. गॅब्रिएल नावाच्या एका म्हाताऱ्याचं सहा टेबलांचं हॉटेल, तो स्वतःच बनवतो आणि स्वतःच आणून देतो. ललिताने पहिला घास घेतला आणि तिचे डोळेच मोठे झाले. "मामा, हाच! मोहरी कशी नाकात जाते बघा. तरी मटण दबत नाही."

इतक्यात गॅब्रिएल हात पुसत आला. "कसा वाटला, काका?"

"मोहरी झकास," मामा ऐटीत म्हणाले. "नाकात जाते, तरी मटण दबत नाही."

गॅब्रिएल क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग "थँक यू" म्हणून आत गेला. मामा हात धुवायला उठले तेव्हा तो बेसिनपाशी येऊन उभा राहिला.

"काका, मोहरी ताईंच्या प्लेटला संपली. तुमच्या बर्गरात मी घातलीच नव्हती."

नळ वाहत राहिला. मामांना तोंड कुठे लपवावं कळेना.

"मी चाळीस वर्षं माणसांची तोंडं बघतोय," गॅब्रिएल हळूच म्हणाला. "तुम्हाला काही लागत नाही. ती पोरगी मघाशी मला सांगत होती, दुकान काढतेय, मामांनी पास केलंय म्हणून. तिला सांगा."

बसस्टॉपवर मामांनी धीर केला. "ललिते, मला चव लागत नाही."

"त्याच्या बर्गरला? मामा, काहीतरीच काय!"

"कशालाच लागत नाही. वास गेलाय माझा."

ललिता पोट धरून हसली. "तेव्हा हातमोजे बघून ऑपरेशन, आणि आता हे! तुम्हाला पण ना, सीरियस राहताच येत नाही." मग तिने त्यांचा हात धरला. "घाबरू नका हो. तुम्हाला वाटतंय मी राजीनामा देईन आणि धंदा नाही चालला तर तुमच्यावर येईल. मी परवाच दिलाय राजीनामा. गाळ्याची पण सही झाली. तुम्हाला सरप्राईज द्यायचं होतं."

जन्मभर खरं बोलून जगाचा रोष घेतलेला माणूस, आणि आज खरं बोलतोय तर कुणी खरं मानायला तयार नाही. मामा बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

खोलीवर आल्यावर त्यांनी दार लोटलं आणि खाटेवर बसून डोळे मिटले. "ललिते, स्वयंपाकघरातलं काहीही आण आणि माझ्या नाकाखाली धर. मी ओळखत नाही. मग तरी विश्वास बसेल."

"बरं बाबा, खेळू," ती हसत म्हणाली. डबे उघडल्याचा आवाज आला. पावलं जवळ आली. मामा वाट बघत राहिले. खाली कुणाची तरी बादली भरत होती.

"अगं, धर ना लवकर," ते म्हणाले.

मामांनी डोळे उघडले. सुक्या बोंबलांची मूठ त्यांच्या मिशीला टेकली होती. जो वास तीन मजले चढून जातो, ज्यावरून शेजारी भांडतात, तो मामांच्या नाकाखाली केव्हाचा उभा होता.

ती खाली बसली. "कधीपासून?"

"दोन वर्षं."

ती मनातल्या मनात मागे गेली. मागच्या पावसाळ्यातल्या त्या डब्यापर्यंत गेली असणार, कारण तिचा चेहरा तिथे थांबला. मामांना वाटलं, आता ती विचारेल. तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"अगं, पण सगळं तूच सांगत होतीस," मामा घाईघाईने म्हणाले. "कांदा कच्चा, पाव गोड, सगळं तुझ्या जिभेनं. मी नुसता बरोबर म्हणायचो. जीभ तुझीच आहे गं."

"मामा, आता समजूत काढू नका," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. राग असता तर ते काही बोलू शकले असते. बराच वेळ ती बोंबील एकेक करून परत डब्यात भरत राहिली. मग म्हणाली, "हे कुणाला बोलू नका. बोर्ड रंगवून झालाय."

"काय लिहिलंय?"

"भिवामामांची पसंती."

आता लालबागच्या त्या गाळ्यासमोर संध्याकाळी पाचपासून प्लास्टिकच्या खुर्चीत मामा बसलेले असतात. चाळीतले, बसमधले जुने सोबती, त्यांनी सांगितलेली त्यांची पोरं-सुना, सगळे येतात. मामा सगळ्यांसमोर बर्गर खातात, लोक त्यांचं तोंड बघतात आणि रांगेला लागतात. गर्दी बर्गरसाठी होते की आपल्यासाठी, हे त्यांना कळत नाही. ललितालाही कळत नाही, आणि चवीचं ज्याला विचारावं तो माणूस हाच.

दुकान उघडायच्या आधी तव्यावरचा पहिला बर्गर ती त्यांनाच आणून देते, अजूनही, आणि पदराला हात पुसत समोर उभी राहते. मामा चावतात. मऊ लागतं, गरम लागतं. ते मान डोलावतात. ललिताच्या चेहऱ्यावर हसू फुटतं, खांदे सैल पडतात, आणि मग तिला आठवतं.