होकायंत्राचं लाल टोक

वंदनाताईंचं नाव निघालं की मी चहाचे कप उचलून आत जातो. बायकोला वाटतं, मदत करून राह्यले. मी का उठतो, हे आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही — तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

मी जालन्यात राहतो. जमिनीचे नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळं रविवारी डोंगर-माळ हिंडणाऱ्या आमच्या गटात नकाशा, दिशा, होकायंत्र हे खातं आपोआप माझ्याकडं आलं. कुणी ठरवलं नव्हतं. पण मला ते आवडत होतं. वाट कुठं फुटली की सगळे माझ्याकडं बघायचे आणि मी सावकाश खिशात हात घालायचो. हे आधी सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. कदाचित. की हेही कारणच शोधणं झालं?

वंदनाताई त्याच गटातल्या. दवाखान्यात परिचारिका, वय पन्नाशीच्या आसपास, लहानपण अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत गेलेलं. नकाशा वाचायला त्या माझ्याकडूनच शिकल्या. दोन महिन्यांत शिकल्या. मला किती वर्षं लागली होती, ते मी त्यांना सांगितलं नाही.

गटासाठी एक होकायंत्र घ्यायचं ठरलं. माझ्याकडं स्वतःचं होतं — पितळी, झाकणाचं, हातात जड लागणारं. मी म्हटलं, असंच घ्या. वंदनाताई दवाखान्यातल्या एका डॉक्टरांकडून वेगळंच मागून घेऊन आल्या. चपटं, हलकं, खाली आरपार दिसणारी प्लॅस्टिकची पट्टी आणि वर फिरती तबकडी. आमच्या बैठकीतल्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला आणि ते त्यावर ठेवलं.

"भाऊ, तुमचं यंत्र लई देखणं हाय," त्या म्हणाल्या. "पण नकाशावर ठेवलं की खालचं कायबी दिसत न्हाई. मंग चालायचं कसं?"

मग त्यांनी करून दाखवलं. पट्टीची कड निघायच्या जागेपासून पोचायच्या जागेपर्यंत लावायची. तबकडी फिरवून तिच्यातल्या रेघा नकाशाच्या उभ्या रेघांशी जुळवायच्या. यंत्र अंगासमोर धरून काट्याचं उत्तर दाखवणारं लाल टोक तबकडीवरच्या खुणेत येईपर्यंत आपण वळायचं — पुढचा बाण दाखवेल तिकडं चालायचं. घेताना काय बघायचं, तेही त्यांनी शोधून आणलं होतं. काटा थरथरत राहू नये, लवकर स्थिरावावा. आतल्या तेलात बुडबुडा नको. आकडे चष्म्याशिवाय दिसावेत, तबकडी घामेजल्या बोटांनी फिरावी. सगळ्यांनी ते एकेकदा हातात घेतलं. पाच मिनिटांत निकाल लागला. माझं पितळी यंत्र टेबलाच्या कडेला होतं. ते कुणी उचललंसुद्धा नाही.

त्यांचं बरोबर होतं. तेव्हाही मला कळत होतं.

नवं होकायंत्र आलं आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडं राहिलं. बाकीच्यांना मी बजावून सांगितलं होतं, मोबाइलच्या कव्हरात लोहचुंबक असतं, ते याच्याजवळ ठेवू नका, काटा बिघडतो. आणि मीच ते माझ्या पिशवीच्या कप्प्यात टाकलं — मोबाइल ठेवतो त्याच कप्प्यात. आठवडाभर ते तिथं होतं. हा निव्वळ निष्काळजीपणा. एवढंच असतं, तर मी आज हे लिहीत नसतो.

गटातल्या बायकांना एकदा आपलं आपण चालायचं होतं. पुरुष बरोबर नकोत, नकाशा वंदनाताईंकडं. सात जणी तयार झाल्या. दोघी-तिघींच्या घरून परवानगी मिळवताना वंदनाताई स्वतः जाऊन बोलल्या होत्या, माझी जबाबदारी म्हणाल्या होत्या. धावडा गावाच्या पुढं डोंगरात रस्त्याच्या एका वळणावर त्यांनी उतरायचं, ईशान्येला चालत एका तलावापाशी यायचं. आम्ही चौघं पुरुष जीपनं फिरून जेवण घेऊन तलावावर थांबायचं. मोबाइल बंद करून एका पिशवीत — हा त्यांचाच नियम.

त्या दिवशी आभाळ गच्च होतं, सूर्याचा पत्ता नव्हता. वळणावर सगळे उतरले. मी नवं यंत्र बाहेर काढलं आणि सवयीनं तपासलं. लाल टोक आम्ही आलो त्या बाजूला, धावड्याकडं होतं. म्हणजे दक्षिणेला. दुसऱ्या खिशातलं पितळी यंत्र काढून पाहिलं — त्यातलं डोंगराकडं. काटा पुरता उलटला होता. मी पुन्हा एकदा पाहिलं. यात कसलीही शंका नव्हती.

वंदनाताईंनी हात पुढं केला.

त्या क्षणी मी काय विचार केला? फार काही नाही, हेच खरं. सगळ्यांसमोर सांगावं लागेल, मीच मोबाइलजवळ ठेवून बिघडवलं — हे एक. आणि दुसरं, जे लिहायला हात अडखळतो — मला वाटलं, जाऊ दे. अर्ध्या तासात घोटाळतील, परत फिरतील, मला विचारतील. मला तेवढंच हवं होतं. त्यांनी मला विचारावं.

मी यंत्र त्यांच्या हातात दिलं. वर म्हटलं, "मनाला काहीही वाटलं तरी काट्यावर भरवसा ठेवा."

त्या परत फिरल्या नाहीत.

आम्ही तलावावर बारापासून थांबलो. दीड वाजला, दोन वाजले. बाकीचे तिघं काळजीत पडले. मी काळजीत नव्हतो — मला माहीत होतं त्या कुठं असतील ते. ईशान्य सोडून नैर्ऋत्येला, तलावाच्या बरोबर विरुद्ध दिशेला. पण ते सांगायचं म्हणजे कसं कळलं, हेही सांगायचं. म्हणून सगळ्यांबरोबर मीही तलावाभोवतीच्या टेकड्या पालथ्या घालत राहिलो. हाका मारल्या. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. दोन तास मी जिथं त्या नाहीत, तिथं त्यांना शोधत होतो.

चार वाजून गेल्यावर मी म्हटलं, माणूस घाबरला की उताराला लागतो, आपण जीप घेऊन वळणाच्या पलीकडं खाली बघू. तर्क चांगला होता. कुणाला काही वाटलं नाही.

पाचच्या सुमारास त्या सापडल्या. शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीनं त्यांना आपल्या शेतातल्या पत्र्याच्या खोपीत बसवलं होतं. सात जणींतल्या शोभाताई ओढ्यात घसरल्या होत्या. त्यांचं मनगट मोडलं होतं, वंदनाताईंनी ओढणीनं हात बांधून गळ्यात अडकवला होता. मोबाइल चालू करून पाहिले होते, पण त्या खोलगट जागेत रेंज नव्हती. शोभाताई कधी पडल्या, असं मी विचारलं. अडीचच्या सुमारास, असं कुणीतरी सांगितलं. मी अडीच वाजता टेकडीवर हाका मारत होतो.

परतताना जीपमध्ये एकीनं सांगितलं, "ताई तर पहिल्या तासातच थांबल्या व्हत्या. म्हणल्या, मला उलटं वाटून राह्यलंय, तलाव या अंगाला कसा असंल? आम्ही म्हणलो, मंग फिरू माघारी. तर म्हणल्या, भाऊंनी सांगितलंय काट्यावर भरवसा ठेवा, त्यांना बराबर कळतं."

मी खिडकीबाहेर बघत होतो. पुढं बसलेल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. भाऊंनी डोकं चालवलं म्हणून सापडल्या, नाहीतर अंधार पडला असता, असं तो म्हणाला.

इथं थांबलो असतो, तरी एक वेळ भित्रा म्हणून सुटलो असतो. मी थांबलो नाही. यंत्र मी वंदनाताईंकडून मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं आणि तबकडीवरून चार-पाच वेळा ओढलं. काटा सरळ झाला. एवढं सोपं होतं. आदल्या सकाळी वळणावर माझं पितळी यंत्र त्यांना देणं तर याहून सोपं होतं.

चार दिवसांनी सगळे माझ्याकडं जमले. यंत्रच खराब असेल, असं कुणीतरी म्हणालं. मी ते आणून टेबलावर ठेवलं. पितळी यंत्र हातभर अंतरावर मांडलं. दोन्हींची लाल टोकं एकाच दिशेला होती. सगळ्यांनी वाकून पाहिलं. वंदनाताईंनीही पाहिलं, बराच वेळ. त्यांनी यंत्र उचलून हळूहळू पूर्ण फिरवून पाहिलं. काटा जिथल्या तिथं.

"मंग माझंच चुकलं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "होतं असं, ताई. सरावाचा भाग असतो."

हे वाक्य मी बोललो. शब्द न् शब्द आठवतो.

शोभाताईंचं मनगट नंतर पूर्ण वळलं नाही. घागर धरताना त्या हात बदलतात. बायकांचा वेगळा गट त्या एका दिवसातच संपला, घरोघरी एकच बोलणं — सांगितलं होतं ना. ज्या घरांत वंदनाताईंनी शब्द दिला होता, तिथं त्या एकट्या जाऊन माफी मागून आल्या. मला नंतर कळलं. रविवारी यायचं त्यांनी बंद केलं. गट मात्र चालू राहिला आणि नकाशा माझ्याकडंच राहिला. वर्षभर कुणी वाट चुकलं की 'वंदनाताई झाली' असं म्हणायची रीत पडली. मीही एकदा म्हटलं होतं. एकदाच नाही.

पुढं त्या लेकाकडं मंठ्याला राहायला गेल्या. गेल्या उन्हाळ्यात तिथं एका लग्नात समोर आल्या. केस पांढरे झालेले, चालणं तसंच. सुनेला माझी ओळख करून दिली — "हे भाऊ. यांच्यामुळं त्या दिवशी आम्ही सापडलो. मला बाई दिशाच कळत न्हाईत. आता तर बाजारातून बी कुणाला विचारल्याबगर येत न्हाई मी."

त्या हसून बोलत होत्या. सून माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. आशीर्वाद दिला, पंगतीत बसलो, जेवलो.

त्या दिवशी वंदनाताईंनी नकाशा बरोबर वाचला होता. आपण उलटं चाललोय, हे त्यांना पहिल्या तासात कळलं होतं. बिघडलेलं यंत्र मी जाणूनबुजून दिलं. त्या कुठं आहेत, हे माहीत असून दोन तास गप्प राहिलो. आणि नंतर काटा सरळ करून त्यांनाच चुकीचं ठरवलं.

जालन्याहून मंठ्याला थेट बस आहे. हे सांगायला मी गेलेलो नाही.