मीटरकाकांचा मान

पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात पंपावर काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे मीटरकाका म्हणत. पाइपावर तळहात ठेवून ते दाब सांगत आणि मागाहून मीटर बघावा तर तेवढाच निघे. "मीटर बिघडला तर नवीन आणू, काका बिघडले तर काय करायचं?" अशी थट्टा चाले. काका गालातल्या गालात हसत आणि कामाला लागत.

एका दुपारी क्लोरीनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळू लागला. वारा भिंतीपलीकडच्या शाळेकडे होता. माणसं जीव मुठीत धरून पळाली. काकांनी खुंटीवरचा जुना मास्क चढवला, पाना घेतला आणि आत शिरले. व्हॉल्व्ह आवळूनच बाहेर आले, नि नळाखाली डोकं धरून कितीतरी वेळ खोकत राहिले.

इंजिनीअरसाहेब पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अहवाल मात्र त्यांनी लिहायचा होता. 'माझ्या देखरेखीखाली गळती थांबवण्यात आली,' असं त्यांनी लिहिलं. तिथे सगळे तसंच लिहीत. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मग वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. शाळेने समारंभ करून त्यांना मानाची ढाल दिली. भाषणात काकांचं नाव घ्यायचं असं ठरवूनच ते उठले होते. पण टाळ्या सुरू झाल्या आणि ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ते पंपावर गेले.

"काका, काल खरं तर तुमचं..."

"असू द्या, साहेब. पोरं सुखरूप आहेत ना? ते चार नंबरचं बेअरिंग बघा, जास्तच कुरकुरतंय."

साहेबांना हायसं वाटलं. याच हायसं वाटण्याची पुढे त्यांना सर्वांत जास्त लाज वाटायची होती.

वर्षभराने फोरमनची जागा निघाली. काकांच्या फायलीत विशेष कामगिरी म्हणून एकही ओळ नव्हती, जागा दुसऱ्याला गेली. पुढे त्यांना दम लागू लागला, म्हणून फाटकावर बसवलं. साहेबांची गाडी आली की ते उठून उभे राहत. साहेब हातातल्या कागदांत मान खुपसत.

साहेबांच्या निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, एका रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेला पाळकांनी शास्त्रातला एक भाग समजावून सांगितला: ज्याचा मान त्याला द्यायचा, तो आपल्यापाशी ठेवून घ्यायचा नाही. साहेबांना बाक टोचू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळ होताच ढाल पिशवीत घालून त्यांनी काकांचं घर गाठलं. दार काकांच्या बायकोने उघडलं. काका जाऊन तीन आठवडे झाले होते.

साहेबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, अहवालातल्या ओळीसकट.

"हे त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं," ती म्हणाली. "ठाऊक नव्हतं ते लोकांना. मला सांगून काय होणार?"

"मी सगळ्यांसमोर सांगतो, वहिनी. रविवारी याल?"

ढाल तिने घेतली नाही. रविवारी मात्र आली, कडेच्या बाकावर बसली.

साहेब पाळकांची परवानगी घेऊन उभे राहिले. यावेळी त्यांनी काहीच गाळलं नाही. व्हॉल्व्ह कोणी आवळला, फोटो कोणाचा आला, फोरमनची जागा कशी हुकली, सगळं बोलले.

प्रार्थना संपल्यावर लोकांनी त्यांना गराडा घातला. "एवढं कबूल करायला मन मोठं लागतं, साहेब." कोणी पाठ थोपटली, कोणी हात हातात घेतला. साहेब सांगत होते, "अहो, माझं नाही, त्यांचं... त्यांच्या घरची मंडळी तिकडे बसली आहेत." गर्दीतून वाट काढत ते कडेच्या बाकापाशी आले.

बाक रिकामा होता. बाजूच्या दारातून ती केव्हाच निघून गेली होती.